एवारिस्तोची हिरवी खुर्ची

शिकागो, १४ जानेवारी

एवारिस्तो,

आधीच सांगून टाकते, तुझ्या जागेत मी गाडी लावलेली नाही. तुझ्या मनात पहिली शंका तीच आली असणार. जागा आहे तशीच आहे. ज्यानं बर्फ उकरला त्याचीच जागा, बर्फ संपेपर्यंत, आणि खुर्ची ही तिची राखण, हा आपल्या गल्लीचा रिवाज मी मोडत नाही. ती हिरवी खुर्ची तुला धरून नेणाऱ्या त्या इमिग्रेशनवाल्यांनी फुटपाथवर फेकून दिली होती, ती मी उचलून परत मधोमध ठेवली. एक पाय वाकलाय, पण उभी राहते. काल पुन्हा बर्फ पडला तेव्हा यारेत्सीनं सगळी जागा उकरून काढली. तुझ्या मुलीला फावडं धरता येत नाही, हे तुला ठाऊक आहे का? नर्सिंग शिकतेय ते बरंच आहे म्हणा, अशी उकरत राहिली तर कमरेला औषध तिलाच लागेल. शेवटी मी खिडकीतून ओरडून ओरडून तिला शिकवलं.

पत्ताही तिनंच दिला. नावापुढे तुझा कोठडीतला नंबर घालायला सांगितला. घातलाय, पण नाव ठळक काढलंय आणि नंबर बारीक.

आपण इतकी वर्षं समोरासमोर राहतोय आणि आजवर जे काही बोललो ते गाडी लावण्यावरूनच बोललो, तेही आवाज चढवून. मागच्या हिवाळ्यात तू माझी इस्त्रीची फळी हलवून माझ्या जागेत गाडी घातलीस, ते मी विसरलेले नाही. पण ते आपल्या गल्लीतलं भांडण. त्यात तोंडाला फडकी बांधलेल्या परक्या माणसांनी पडायचं कारण नव्हतं.

तुझी जामिनाची सुनावणी पंचवीस फेब्रुवारीला आहे असं कळलं. वॉर्डातल्या वजनदार माणसाचं पत्र असेल तर न्यायाधीश ऐकून घेतो, असं तुझ्या वकीलबाई म्हणतात. माझा भाचा टेडी नगरसेवक आहे, हे तुला मी सांगायला नको. तो निवडून येतो तो माझ्या भावाच्या नावावर आणि माझ्या पायांवर. त्याच्यासाठी या भागातली दारं मीच ठोठावत आलेय. मी त्याच्याशी बोलते. तू फक्त एक कर. 'मी आपणहून देश सोडतो' असा कागद ते पुढे करतील, त्यावर सही करू नकोस. तुझा धीर सुटत चाललाय असं यारेत्सी सांगत होती.

समोरच्या घरातली,
हालिना वोयतास


२० जानेवारी

दोन्या हालिना,

तुमचं पत्र मिळालं. ('दोन्या' म्हणजे आमच्याकडे बाई, पण मानानं.) इथे पत्रं आधी शिपाई वाचतो. तुमचं वाचून त्यानं विचारलं, "ही म्हातारी तुझी कोण?" मी म्हटलं, "शत्रू." पोट धरून हसला.

तुम्हाला एक सांगतो, पण यारेत्सीला सांगू नका. त्यांनी मला शोधून काढलं असं तिला वाटतंय. त्यांनी मला शोधलं नाही, दोन्या. मीच चालत गेलो. बेकरीतून परत आलो तर माझ्या जागेत काळ्या काचांची गाडी उभी आणि खुर्ची कचऱ्यासारखी बाजूला पडलेली. दुसरा कुणी असता तर वेगही कमी न करता पुढे निघून गेला असता. दोन महिने झाले, अशा गाड्या आपल्या गल्लीतली शेंबडी पोरंही ओळखतात. लोकांना सावध करायला बायका गळ्यात शिट्ट्या घालून फिरतात. माझ्याही खिशात शिट्टी होती. पण मला गाडी दिसलीच नाही, मला खुर्ची दिसली. डोकं फिरलं. खाली उतरलो, काचेवर थापा मारल्या आणि म्हणालो, "ही जागा मी उकरलीय. गाडी काढा."

काच खाली झाली. आतल्यानं विचारलं, "नाव काय तुझं?"

आणि मी सांगितलं. आडनावासकट सांगितलं, म्हणजे गाठ कुणाशी आहे ते त्याला कळावं.

इथे पडून पडून मी हेच आठवतो आणि कधी हसू येतं, कधी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. जेवण बरं आहे. दिवे मात्र कधीच विझवत नाहीत, त्यामुळे झोपेचं काही खरं नाही.

तुमच्या भाच्याचं पत्र मिळालं तर फार बरं होईल. मी वाट बघतो. आणि तुमची फळी मी हलवली नव्हती. ती वाऱ्यानं पडली होती.

एवारिस्तो पालोमारेस


शिकागो, २९ जानेवारी

एवारिस्तो,

वारा! फळी वाऱ्यानं पडली आणि वाऱ्यानंच ती माझ्या कुंपणाला नीट टेकून ठेवली म्हणायची.

तुझी गोष्ट मला नवी नाही. मी खिडकीतच होते. तू काचेवर थापा मारत होतास तेव्हा मी मनात म्हणत होते, बरोबर आहे, सोडू नकोस त्याला. हे त्यातले लोक आहेत हे माझ्याही डोक्यात आलं नाही. मला वाटलं, कुणीतरी उपटसुंभ जागा चोरायला आलाय. त्यामुळे तू एकटा मूर्ख नाहीस.

टेडीशी बोलले. विचार करतोय. निवडणूक तेवीस फेब्रुवारीला, म्हणजे तुझ्या सुनावणीच्या दोनच दिवस आधी, त्यामुळे तो जरा गडबडीत आहे. आपला वॉर्ड कसा आहे ते तुला माहीतच आहे. अर्धी घरं पोलिसांची आणि फायर ब्रिगेडवाल्यांची. टेडीच्या विरोधात उभा राहिलेला तो क्रेमर घरोघर सांगत सुटलाय, कायदा सगळ्यांना सारखा हवा. आता तर त्यानं तुझी खुर्चीच धरलीय. म्हणतो, एका पकडलेल्या माणसाची खुर्ची सरकारी रस्ता अडवून बसलीय आणि नगरसेवकात ती उचलायची धमक नाही. बर्फाच्या दिवसांत या शहरात खुर्च्या, बादल्या, मोडके पाळणे रस्ताभर असतात. याला तुझीच दिसली.

कोपऱ्यावरचा ब्रॅनिगन क्रेमरची पाटी अंगणात लावून बसलाय. फायर ब्रिगेडमधून सुटला पण नळीचं तोंड काही बंद झालं नाही. काल मला म्हणाला, "हालिना, माणूस चांगला असेल, पण कागद नाहीत ते नाहीतच." मी त्याच्या तोंडावर दार लावलं. त्याचंच दार होतं, हे नंतर लक्षात आलं.

तू काळजी करू नकोस. पत्र येईल.

हालिना


४ फेब्रुवारी

सौ. वोयतास,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. "विचार करतोय", "गडबडीत आहे". मी बेकरीत काम करतो, बाई, पण इतकं मला कळतं. नाही म्हणायचं नसलं की माणसं असं बोलतात.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या भावानं कमावलेली नगरसेवकाची जागा आहे, भाचा तुमच्या रक्ताचा आहे आणि मी कोण? समोरचा, फळी हलवणारा. तुमच्या जागी मी असतो तर मीही घरच्यालाच सांभाळलं असतं. फक्त मला आशेला लावून ठेवू नका. इथे आशा फार जड जाते.

माझ्याबरोबर एक म्हातारा माळी होता. काल त्यानं सही केली. त्याआधी सारखा रडायचा, सही केल्यावर शांत झोपला, एवढ्या उजेडातसुद्धा. त्याला झोपलेला बघून मला त्याचा हेवा वाटला.

येत्या शुक्रवारी कागदवाला अधिकारी परत येणार आहे. मी सही करणार आहे. यारेत्सीला मी फोनवर सांगेन. गावी माझी बहीण आहे, तिच्याकडे राहीन. खुर्ची काढून टाका. जागा तुम्ही घेतलीत तरी चालेल.

एवारिस्तो पालोमारेस


शिकागो, ८ फेब्रुवारी

एवारिस्तो,

तातडीच्या टपालानं पाठवतेय. शुक्रवारच्या आत मिळायलाच हवं. यारेत्सीलाही सांगून ठेवलंय, तुझा फोन आला की आधी "थांब" म्हण, मग नमस्कार-चमत्कार.

मी तुझ्याशी खोटं बोलले. टेडी विचार वगैरे काही करत नव्हता. मी विचारलं त्याच दिवशी त्यानं साफ नाही म्हणून सांगितलं. म्हणाला, "आत्या, एका माणसासाठी मी वॉर्ड घालवू का?" मी त्याच्या ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत घरी आले. तेव्हापासून मी त्याच्यासाठी एकही दार ठोठावलेलं नाही. तुला कळवलं असतं तर तू तेव्हाच सही केली असतीस, म्हणून गोड लिहीत राहिले. मी भाच्याला सांभाळतेय असं तुला वाटेल, हे मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं. त्याबद्दल माफ कर.

आता आज सकाळी काय झालं ते ऐक.

क्रेमरच्या बडबडीला कंटाळून टेडी स्वतः पालिकेचा ट्रक घेऊन गल्लीत आला. सोबत टीव्हीवाली एक पोरगी. मी गाऊनवर कोट चढवून खाली धावले. टेडी म्हणाला, "आत्या, बाजूला हो. नियम आहे." मी म्हटलं, "उचल की मग. माझ्याकडे कशाला बघतोस?"

त्यानं ट्रकवरच्या दोघांना खूण केली. ते खाली उतरले. एकानं खुर्चीकडे पाहिलं, उकरलेल्या जागेकडे पाहिलं, कडेच्या बर्फाच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, बर्फ अजून आहे." दुसऱ्यानं तर हात खिशातून काढलेच नाहीत. दोघंही याच भागात वाढलेले. दुसऱ्याची खुर्ची उचलायची म्हणजे काय, ते त्यांना आईनं शिकवलेलं.

तेवढ्यात ब्रॅनिगन आला, लंगडत, हातात कॉफीचा मग. मला वाटलं, आता हा खुर्ची उचलणार. तर तो खुर्चीच्या पुढ्यात उभा राहिला आणि टेडीवर खेकसला, "एवारिस्तोला खुशाल पाठवा परत. माझी हरकत नाही. पण खुर्चीला हात लावायचा नाही. ही जागा त्यानं उकरलीय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ब्रॅनिगन, माणूस उचलून नेलेला तुला चालतो आणि खुर्ची उचललेली चालत नाही?"

ब्रॅनिगन गप्प झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. टीव्हीवाल्या पोरीनं मायक्रोफोन पुढे केला तर तिच्यावरच भडकला. ट्रक रिकामा परत गेला. टेडी मात्र गाडीत बसून कितीतरी वेळ तिथेच होता.

दुपारी ब्रॅनिगन माझ्या दारात. न्यायाधीशाला लिहिलेलं पत्र घेऊन आला होता. त्यात त्यानं लिहिलंय की ही धरपकड हवी म्हणूनच मी मत दिलं होतं आणि अजूनही माझं मत तेच आहे. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एवारिस्तो पालोमारेस रोज सकाळी आधी माझी जागा उकरायचा, मग स्वतःची, आणि माझी खुर्ची माझ्या जागेत ठेवून जायचा. असा माणूस पळून जाणार नाही. मी त्याला म्हटलं, "दोन्ही गोष्टी एकाच पत्रात कशा लिहिल्यास रे?" तो म्हणाला, "दोन्ही खऱ्या आहेत म्हणून."

सही करू नकोस. टेडीचं पत्र येईल की नाही, मला माहीत नाही. या वेळी खरंच माहीत नाही. पण ब्रॅनिगनचं आलंय. ज्या गल्लीत हे घडू शकतं, ती सोडून कुठे जातोस?

हालिना


१३ फेब्रुवारी

दोन्या हालिना,

सही केली नाही. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारी मी अधिकाऱ्याला म्हटलं, "घरी माझी खुर्ची आहे." त्याला वाटलं, मला वेड लागलं.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्याची लाज वाटते. "सौ. वोयतास" लिहिलं, दोन्या सोडून, त्याची जास्त वाटते.

ब्रॅनिगनला सांगा, रोज नाही, मंगळवारी मी उकरत नसे. मंगळवारी माझी सुट्टी असते आणि मी झोपतो. कोर्टात उगाच खोटं नको.

आणि या वर्षीच्या तुमच्या पोलिश पोंच्की कशा झाल्या? ईस्टरच्या उपवासांच्या आधीच्या त्या एका मंगळवारी मला सुट्टी नसते, आमच्या बेकरीपुढे कोपऱ्यापर्यंत रांग लागते. मी तिथे नाही म्हटल्यावर ते जॅम भरलेले गोड गोळे तळायला कोण उभं राहिलं असेल कोण जाणे. तेल तापायच्या आधी सोडल्या तर तेल पितात.

तुमचा,
एवारिस्तो


शिकागो, १६ फेब्रुवारी

एवारिस्तो,

पोंच्की तेल प्यायल्या होत्या. बारा घेतल्या आणि दहा अजून पडून आहेत. माझ्या हयातीत असं कधी झालं नव्हतं.

रविवारी टेडी आला. स्वयंपाकघरात बसला, कोटही काढला नाही. म्हणाला, "आत्या, मी पत्र लिहिलं तर काय होईल?"

तुला खरं सांगते, त्या क्षणी मी मनात मतं मोजायला लागले. या वॉर्डातलं दार न् दार मला पाठ आहे. कुठलं आपलं, कुठलं त्यांचं, कुठलं शेवटच्या आठवड्यात फिरतं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. माझा भाऊ त्या जागेसाठी झिजला. "काही होत नाही, लिही" म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "पडशील."

तो मान हलवत राहिला. त्याच्यापुढे एक पोंच्की ठेवली होती. तिचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय झालंय?" मी म्हटलं, "तळणारा आत आहे."

त्यानं बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "त्या दिवशी त्या दोघांनी खुर्ची उचलली नाही ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं गं. मी हुकूम सोडतोय आणि मनात म्हणतोय, देवा, यांनी ऐकू नये. मग मी आलो होतो कशाला?" त्यानं माझ्याच टेबलावर पत्र लिहिलं. चांगलं लिहिलंय. सुनावणीला स्वतः उभा राहीन असंही लिहिलंय. वकीलबाईंनी ते कालच दाखल केलं आणि आज सकाळी क्रेमरच्या पत्रकावर त्या पत्राचा फोटो छापून आला. टेडी आता पडणार, यात मला शंका नाही. तरी दुपारपासून त्याच्यासाठी दारं ठोठावतेय. गुडघे कुरकुरतात, पण या वेळी प्रत्येक दाराशी मान वर करून उभी राहतेय.

हालिना


शिकागो, २४ फेब्रुवारी

एवारिस्तो,

टेडी पडला. थोडक्यात पडला, पण पडला. आपल्या गल्लीनं त्याला जेमतेम साथ दिली, कोपऱ्यापलीकडच्या गल्ल्यांनी हात वर केले. ब्रॅनिगन सकाळी येऊन मला सांगून गेला, "मत मी क्रेमरलाच दिलं, हालिना. तुला दुसऱ्याकडून कळायला नको." मी त्याला कॉफी दिली. दुसरं काय करणार?

मी काल रडले. भावाचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याकडे बघवेना.

उद्या तुझी सुनावणी. आता टेडीनं जायचं कारण उरलं नाही. मला विचारायची भीती वाटत होती. त्यानं आत्ताच फोन केला. म्हणाला, "आत्या, माझा निळा टाय तुझ्याकडे राहिलाय का? उद्या लागेल."

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तू तिथे नसावास, एवढंच मागते.

हालिना


८ मार्च, तुमच्या दाराखालून

दोन्या हालिना,

घरी येऊन आठवडा झाला. तुम्ही मला मिठी मारलीत, रडलात, यारेत्सीला ओरडलात, पण आपलं बोलणं काही झालं नाही. बोलायला लागलो की आपण फळीवर येतो. म्हणून हे लिहूनच देतो.

कोर्टात काय झालं ते टेडीनं तुम्हाला पुरतं सांगितलं नसणार. ब्रॅनिगनचं पत्र वाचताना न्यायाधीश एका जागी थांबला आणि त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग टेडी उभा राहिला. न्यायाधीशानं त्याला विचारलं, "परवा तुम्ही निवडणूक हरलात ना? मग यातून तुम्हाला काय मिळणार?" टेडी म्हणाला, "आता काहीच नाही, साहेब." न्यायाधीशानं जामीन लिहिला. पायात पाळत ठेवणारा पट्टा आहे. पुढची तारीख ऑगस्टमध्ये. तेव्हा काय होईल, कोण सांगणार? वकीलबाईही सांगत नाहीत.

आता कालचं. काल जेवायच्या वेळी टेडी तुमच्याकडे यायला निघाला होता. सकाळच्या बर्फानं गल्लीत एकही जागा मोकळी नव्हती. मी खिडकीतून बघत होतो. तो हळूहळू गाडी पुढे नेतोय, वळतोय, परत येतोय. प्रत्येक खुर्चीपाशी जरा थांबतो आणि पुढे जातो. महिन्यापूर्वी याच माणसाबरोबर पालिकेचा ट्रक होता.

मी खाली गेलो आणि माझी खुर्ची उचलली. त्यानं काच खाली केली. "एवारिस्तो, ठेव ती परत. मी नाही लावणार तिथे." मी म्हटलं, "मी स्वतः उचलतोय ना? मग?" तरी तो लावेना. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तेव्हा कुठे आत घातली. बाहेर आला. मी खुर्ची काखेत धरून उभा आणि तो तिच्या वाकलेल्या पायाला हात लावून बघतोय, सरळ होतो का म्हणून.

इतक्या वर्षांत ही खुर्ची मी दुसऱ्यासाठी पहिल्यांदाच उचलली.

एवारिस्तो


८ मार्च, तुझ्या दाराखालून

एवारिस्तो,

टेडी घरात आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, थंडी फार आहे. मी सूप गरम करून त्याच्यापुढे ठेवलं.

आता नीट ऐक. चार-सहा आठवड्यांत बर्फ संपेल आणि सगळे आपापलं सामान तळघरात टाकतील. तुझी खुर्ची तळघरात टाकायची नाही. माझ्या पायऱ्यांवर आणून ठेव. ऑगस्टमध्ये ज्या दिवशी तू कोर्टात जाशील, त्या सकाळी मी ती रस्त्यात तुझ्या जागेवर ठेवणार आहे. ऊन असो, घाम असो. तू परत येईपर्यंत ब्रॅनिगन आणि मी पाळीपाळीनं तिच्याशेजारी बसणार. त्याला मी सांगितलं, तो म्हणाला, "ऑगस्टमध्ये खुर्ची? असा काही रिवाज नाही." मी म्हटलं, "आता आहे."

हालिना